सरकारी औषधांचं दुकान

तालुक्याच्या गावी बदली झाली होती तेव्हाची गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास मुलीचा ताप एकदम चढला. औषधाच्या दुकानाच्या फळ्या बडवून बडवून माझे हात लाल झाले. अखेर वरच्या खिडकीतून आवाज आला, ‘सकाळी या.’ ती रात्र आम्ही उभयतांनी थंड पाण्याच्या पट्ट्यांवर काढली.

पुढे वाचनात आलं, की बाराव्या शतकातल्या चीनमध्ये असा आवाज देणाऱ्याला शंभर छड्या बसत. सरकारी औषधालयात रात्री माणूस हजर हवा आणि निकडीला औषध मिळालंच पाहिजे, असा तिथं हुकूमच होता. (खिडकीतला तो चेहरा डोळ्यांपुढं आला, खोटं कशाला सांगू!)

ही औषधालयं सुरू झाली १०७६ साली, सोंग राजवटीच्या काइफंग या राजधानीत. वांग आन्शी या मंत्र्यानं आरंभलेल्या सुधारणांचा तो काळ. व्यापार धनदांडग्यांच्या मुठीत राहू नये म्हणून सरकारनंच बाजारात उतरावं, असं त्याचं मत. दुकानात चूर्णं, गोळ्या अशी तयार औषधं मिळत. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला मौज वाटते ती पहिल्या वर्षाच्या ताळेबंदाची. नफा पंचवीस हजार माळांच्या वर! माळ म्हणजे दोरीत ओवलेली, नावाला हजार नाणी. सरकारी खातं आणि पहिल्याच वर्षी नफ्यात!

११०३ मध्ये विक्रीची पाच ठिकाणं आणि औषधं बनवण्याचे दोन कारखाने झाले. कृतींचं पुस्तकही निघालं; ११०७ नंतरच्या सुधारित आवृत्तीत २९७ कृती होत्या, पुढं त्या वाढत ७८८ वर गेल्या. ११२७ मध्ये काइफंग शत्रूच्या हाती पडलं, दरबार दक्षिणेला हांगझोऊला गेला आणि औषधालयंही तिथं पुन्हा उभी राहिली.

नाव मात्र मोठं गोड: ‘हुइमिन’, म्हणजे लोकांचं भलं करणारं. पण चांगला माल आतल्या आतच वाटला जाऊ लागला, तेव्हा लोकांनी एक अक्षर बदलून त्याचं ‘हुइगुआन’ केलं, म्हणजे अधिकाऱ्यांचं भलं करणारं! हिशेबतपासनिसाचा पानभर शेरा एका अक्षरात आटोपला.

चौदाव्या शतकात चू दान्शी या वैद्यानं त्या पुस्तकावर टीकाग्रंथच लिहिला. रोगी न तपासता, पुस्तकात लक्षण पाहून औषध द्यायचं, हे त्याला मान्य नव्हतं. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. पण रात्री अकराला वैद्य कुठून आणायचा?

सोंग घराणं १२७९ मध्ये संपलं, पुस्तक उरलं. त्यातला ‘चार सज्जनांचा काढा’ चिनी वैद्य आजही देतात. चारांतला एक सज्जन आमच्या स्वयंपाकघरातही असतो. ज्येष्ठमध! ताप उतरला तरी मुलीचा खोकला आठवडाभर रेंगाळला होता, तेव्हा हिनं तोच उगाळून चाटवला होता.