खांद्यावरची पिशवी, हातातला चषक

गोल्फ म्हटले की विस्तीर्ण हिरवळ, पांढरे हातमोजे आणि क्लबच्या सदस्यत्वासाठीची प्रदीर्घ प्रतीक्षा, असे चित्र आपल्या मनात उभे राहते. हा खेळ आपल्यासाठी नव्हे, असे मध्यमवर्गीय मराठी माणसाने केव्हाच ठरवून टाकले आहे. परंतु दिल्लीने अनेकदा भरविलेल्या आणि अलीकडे गुरुग्राममध्ये होणाऱ्या इंडियन ओपन या व्यावसायिक स्पर्धेच्या विजेत्यांची नावे वाचली, की या समजुतीला तडा जातो.

१९६४ साली दिल्ली गोल्फ क्लबवर ही स्पर्धा प्रथम झाली आणि ऑस्ट्रेलियाचे नामवंत खेळाडू पीटर थॉमसन विजयी झाले. पुढच्याच वर्षी बिल्लू सेठी यांनी ती जिंकली. पण ते हौशी खेळाडू होते. खेळावरच चरितार्थ चालविणाऱ्या भारतीयाला हा मान मिळण्यास १९९१ साल उजाडावे लागले. तो मानकरी म्हणजे अली शेर. ज्या मैदानावर त्यांनी चषक उंचावला, तेथेच ते एकेकाळी कॅडी होते.

कॅडी म्हणजे खेळाडूची जड पिशवी खांद्यावर घेऊन कोसच्या कोस चालणारा साहाय्यक. पण त्याला हमाल समजणे ही मोठीच चूक होय. चेंडू किती अंतरावर टाकायचा, वारा कोणीकडून वाहतो, हिरवळीचा उतार कोठे फसवतो, हे तो दररोज पाहत असतो. त्यातच दिल्ली गोल्फ क्लबचे मैदान मोठे कठीण: चिंचोळ्या वाटा, दोहों बाजूंना काटेरी झुडपे, मध्येच मोगलकालीन वास्तू आणि निर्धास्त फिरणारे मोर. तेथे ताकदीपेक्षा माहितगारी अधिक कामास येते. अली शेर यांनी १९९३ मध्ये पुन्हा ही स्पर्धा जिंकली.

२०१३ मध्ये दिल्लीतच बांगलादेशाचा सिद्दिकुर रहमान विजयी झाला. ढाक्याच्या गोल्फ क्लबवर चेंडू वेचण्यापासून त्याने सुरुवात केली होती. त्या वेळी संयुक्तपणे दुसऱ्या स्थानावर राहिला तो शिवशंकर चौरसिया. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर त्याचे वडील हिरवळीची निगा राखीत. १९९९, २००६, २०१३ आणि २०१५ अशा चार वेळा चौरसियाला इंडियन ओपनमध्ये उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले. २०१५ ची हार तर जिव्हारी लागणारी होती. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीने अखेरच्या दिवशी सात फटक्यांची पिछाडी भरून काढली आणि बरोबरीनंतरच्या जादा होलवर त्याला हरविले.

या व्यवसायाचा हिशेबही आमच्यासारख्या बँकवाल्यांना चकित करणारा आहे. मासिक वेतन नाही. चार दिवसांच्या स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांनंतर गुणांची सीमारेषा आखली जाते. तिच्या बाहेर राहिलेल्यांच्या पदरी बक्षिसाचा एक पैसाही पडत नाही, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च मात्र टळत नाही. पाठीशी वडिलोपार्जित पुंजी नसलेल्या माणसाने असे आयुष्य पत्करायचे, याला केवळ हौस म्हणता येणार नाही.

२०१६ साली त्याच दिल्लीत चौरसियाने अखेर चषक मिळविला. लाहिरी दोन फटक्यांनी मागे, संयुक्त दुसरा. २०१७ मध्ये स्पर्धा गुरुग्रामच्या डीएलएफ मैदानावर गेली. गॅरी प्लेअर यांनी आखलेले हे मैदान सर्वांनाच अवघड गेले. दिल्लीची ओळखीची झुडपे नाहीत, सवयीच्या वाटा नाहीत. तेव्हा चौरसियाचे काय होणार, असा प्रश्न साहजिकच होता. त्याने सात फटक्यांच्या फरकाने विजेतेपद राखले.

२०२० ते २०२२ ही स्पर्धा झाली नाही. ती पुन्हा सुरू झाल्यावर जर्मनी, जपान आणि स्पेनचे खेळाडू विजयी झाले. २०१७ नंतर २०२५ पर्यंत एकाही भारतीयाचे नाव त्या चषकावर कोरले गेलेले नाही.