तीव्र कुपोषण (सॅम)

तीव्र कुपोषण, अर्थात सॅम, ही पाच वर्षांखालील बालकांमधील कुपोषणाची सर्वांत धोकादायक अवस्था आहे. अशा बालकाची प्रतिकारशक्ती क्षीण होते व अतिसार, न्यूमोनिया यांसारख्या आजारांनी मृत्यू ओढवण्याचा धोका निरोगी बालकाच्या तुलनेत अनेक पटींनी वाढतो.

निदान

६ ते ५९ महिने वयाच्या बालकात पुढीलपैकी एकही निकष आढळल्यास तीव्र कुपोषणाचे निदान होते :

* उंचीनुसार वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वृद्धिमानकांच्या मध्यकापासून ३ प्रमाण विचलनांपेक्षा खाली असणे
* दंडाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी असणे
* कुपोषणामुळे दोन्ही पावलांवर सूज येणे. अंगठ्याने दाबल्यास तेथे खड्डा राहतो

सुजेमुळे वजन फसवे वाढते. म्हणून केवळ वजनावरून केलेल्या तपासणीत असे बालक निसटू शकते. निदानानंतर भूक चाचणी घेतली जाते. भूक चांगली असलेल्या व अन्य गुंतागुंत नसलेल्या बालकावर वस्तीपातळीवर उपचार होऊ शकतात. इतरांना रुग्णालयात दाखल करावे लागते.

उपचार

रुग्णालयीन उपचारांचे स्थिरीकरण व पुनर्वसन असे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात रक्तातील साखरेची घट, शरीराचे तापमान घटणे, निर्जलीकरण व संसर्ग यांवर उपचार होतात. संसर्गाची बाह्य लक्षणे नसली तरी प्रतिजैविके दिली जातात. दुर्बल हृदयावर ताण येऊ नये म्हणून शिरेतून द्रव शक्यतो टाळतात. १०० मिलीमागे ७५ किलोकॅलरी देणारा एफ-७५ हा दुग्धाहार थोड्या थोड्या वेळाने, रात्रीही, पाजला जातो. भूक परतल्यावर दुसऱ्या टप्प्यात १०० किलोकॅलरीचा एफ-१०० आहार सुरू होतो. लोह पहिल्या टप्प्यात देत नाहीत, कारण त्यामुळे संसर्ग बळावू शकतो.

महाराष्ट्रातील उपाययोजना

राज्यात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये सुरू झाले. मेळघाटसारख्या आदिवासी भागांतील बालमृत्यूंमुळे हा प्रश्न ऐरणीवर आला असला, तरी तो तेवढ्यापुरता मर्यादित नाही. कोल्हापूरसारख्या तुलनेने संपन्न जिल्ह्यातही अंगणवाडीतील नियमित वजन-उंची मोजणी हाच अशी बालके शोधण्याचा मुख्य मार्ग आहे. उपचारांसाठी अंगणवाडी पातळीवर ग्राम बाल विकास केंद्र, तर गंभीर बालकांसाठी रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्र अशी रचना आहे. घरी परतलेल्या बालकाचे कुपोषण उलटू शकत असल्याने पाठपुरावा हा उपचारांचाच भाग मानला जातो.