'गुबारे खातिर' कसे वाचावे?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात उर्दू पुस्तकांचे कपाट असेल. मौलाना अबुल कलाम आझाद यांचे 'गुबारे खातिर' त्यात आहे का, ते पाहा. गुबारे खातिर म्हणजे मनात साचलेली धूळ. या पुस्तकाची उर्दू अवघड आहे, म्हणून पुष्कळ मुले ते दोन पाने चाळून परत ठेवतात. पण हे पुस्तक बहुतांशी आपल्या महाराष्ट्रात लिहिले गेले आहे.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेसने 'छोडो भारत'चा ठराव संमत केला. मौलाना तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांना, पंडित नेहरूंना, सरदार पटेलांना आणि इतर नेत्यांना अटक झाली. त्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात ठेवले. चांदबीबीने लढवला तोच हा किल्ला. पंडितजींनी तेथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. मौलाना आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत. ही पत्रे त्या वेळी टपालात पडलीच नाहीत. १९४६ साली त्यांचे पुस्तक झाले. म्हणायला ही पत्रे, पण खरे म्हणजे हे निबंधच आहेत. कधी ईश्वराविषयी, कधी एकांताविषयी, तर कधी साध्या चहाविषयी मौलाना मनाशी विचार करतात.

असे पुस्तक गोष्टीच्या पुस्तकासारखे एका दमात वाचता येत नाही. मी स्वतः ती चूक केली आहे. कॉलेजात असताना दोन दिवसांत ते संपवायचे ठरवले आणि चौथ्या पत्रापाशी कंटाळून मिटून ठेवले. पुढे कित्येक वर्षे मी त्याला हात लावला नाही. दोष पुस्तकाचा नव्हता.

तुम्ही आठवड्याला एकच पत्र वाचा. फारसी किंवा अरबी शेर आला की अडू नका. पहिल्या वाचनात तो सोडून पुढे जा. वहीत त्याचा पान क्रमांक टिपून ठेवा (ग्रंथालयाच्या पुस्तकावर पेन्सिल चालवू नका!) आणि सवडीने आपल्या उर्दूच्या उस्तादांना विचारा. प्रत्येक पत्रावर तारीख आहे, तीही वहीत लिहा. सुरुवातीची काही पत्रे सुटकेनंतरची, १९४५ सालची आहेत. त्यामुळे तारखा मागेपुढे दिसल्या तर गोंधळू नका.

आरंभ चहाच्या पत्राने केला तरी चालेल. मौलाना पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत आणि स्वतःच्या हाताने चहा करीत. चहा चिनी असे, त्यात दूध नसे. चहात दूध घालणाऱ्यांची त्यांनी चांगलीच थट्टा केली आहे. मला दुधाचाच चहा लागतो, त्यामुळे ते पान वाचताना मी जरा ओशाळतो.

मग चिमण्यांकडे या. मौलानांच्या खोलीत छताला चिमण्यांनी घरटी केली होती. दिवसभर काड्या आणि कचरा खाली पडे. मौलानांनी आधी त्यांच्याशी युद्ध पुकारले. ते हरले, तेव्हा त्यांनी तह केला. तांदळाचे दाणे टाकता टाकता चिमण्या इतक्या धीट झाल्या की त्यांच्या तळहातावर बसून दाणे टिपू लागल्या. एकीचे नाव कलंदर, दुसरीचे मुल्ला! ही पत्रे वाचताना तुम्ही मोठ्याने हसाल.

या पत्रांची तारीख पाहा : मार्च १९४३. पुस्तक येथे मिटा. पुढचे पत्र त्याच दिवशी वाचू नका.

पुढचे पत्र एप्रिल १९४३ चे आहे. मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. सरकारला काही कळवायचे असेल तर सांगा, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने मौलानांना सुचवले होते. मौलानांनी काहीच मागितले नाही. पत्नी गेल्याची बातमी त्यांना किल्ल्यातच मिळाली. आपला रोजचा क्रम त्यांनी चुकवला नाही. तो पाळताना मनावर काय ओढवले, तेही त्यांनी लपवले नाही. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती. पत्राच्या अखेरीस त्यांची नजर तिच्याकडे वळते.

ज्या महिन्यात चिमण्यांची गोष्ट लिहिली, त्याच्या पुढच्याच महिन्यात हे पत्र लिहिले गेले. घाईने वाचणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही. माझ्याही आले नव्हते. आता मागे जाऊन चिमण्यांची पत्रे पुन्हा वाचा. हसू येईल, पण ते पहिल्यासारखे नसेल. मौलाना चुकले की बरोबर, त्यांनी सुटकेची विनंती करायला हवी होती का, यावर वर्गात चर्चा करा. माझ्या वर्गात दर वर्षी यावरून दोन तट पडतात.

शेवटचे पत्र संगीतावर आहे. मौलाना तरुणपणी सतार शिकले होते. आग्र्याला चांदण्या रात्री ताजमहालापाशी बसून ते ती वाजवीत. ते पत्र उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी राखून ठेवा.