भूमीतील विष आणि युरोपचा अनुभव : काही गैरसमज व वस्तुस्थिती

हवा मळली तर डोळे चुरचुरतात आणि पाणी नासले तर त्याचा रंग व वास तक्रार करतो. परंतु जमिनीत मुरलेले विष दोन-दोन पिढ्या निमूट राहू शकते, आणि त्यामुळेच त्याच्याविषयी ज्ञानापेक्षा समजुतीच अधिक फोफावतात. ज्या युरोप खंडाने दोनशे वर्षे कोळसा, पोलाद, रंग, औषधे आणि दारूगोळा यांच्या उत्पादनातून आपली समृद्धी उभारली, त्याच खंडाला गेल्या अर्धशतकात त्या समृद्धीचे जमिनीत उरलेले अवशेष निस्तरावे लागले. आणि त्या खटाटोपातून कायद्यांचा, न्यायनिवाड्यांचा व कडू-गोड अनुभवांचा जो साठा जमला, तो या समजुती पारखून घेण्यास पुरेसा आहे.

गैरसमज १ : दूषित जमीन म्हणजे मोठ्या कारखान्यांच्या आवारातील जमीन.

वस्तुस्थिती : रॉटरडॅमजवळच्या लेकरकेर्क या लहानशा डच गावात १९७० नंतरच्या दशकात नवी वसाहत उभी राहिली, तेव्हा तेथे कारखाना नव्हता, होते ते पाणथळ प्रदेशातील चर, आणि घरे बांधण्यापूर्वी ते चर बुजविण्यासाठी जो भराव आणला गेला त्यात रासायनिक कचऱ्याची पिंपे होती. टोल्युइन, झायलिन यांसारखी द्रावके त्या पिंपांतून झिरपली, प्लास्टिकच्या नळांत शिरून पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचली, आणि १९८० साली अडीचशेहून अधिक कुटुंबांना आपली नवीकोरी घरे सोडून जावे लागले. या प्रकरणाने नेदरलँड्सचे सरकार एवढे हादरले, की १९८३ पासून तेथे जमीन शुद्धीकरणाचा अंतरिम कायदा अमलात आला. मोठ्या कारखान्यांचा वाटा कोणी नाकारीत नाही. परंतु कचऱ्याची जुनी आगारे, पेट्रोलपंप, ड्रायक्लीनिंगची दुकाने आणि रस्त्यांवरील दिव्यांसाठी कोळशापासून गॅस तयार करणारी, कित्येक नगरांच्या ऐन मध्यावर असलेली जुनी गॅसघरे ही सर्व याच यादीत मोडतात.

या यादीविषयी एक खुलासा येथेच करावयास हवा. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने २०१८ मध्ये तत्कालीन २८ सदस्य राष्ट्रांत सुमारे २८ लाख स्थळे असल्याचा अंदाज दिला, तो पुष्कळदा सिद्ध झालेल्या प्रदूषणाचा आकडा म्हणून सांगितला जातो. वास्तविक तो, जेथे प्रदूषण घडविण्याजोगा उद्योग कधीकाळी चालला किंवा आजही चालतो अशा स्थळांचा आकडा आहे. त्यांपैकी त्या त्या देशाच्या दप्तरी नोंदलेली स्थळे सुमारे साडेसहा लाख होती, आणि प्रत्यक्ष शुद्धीकरण झालेली सुमारे साडेपासष्ट हजार.

गैरसमज २ : मातीत विषारी द्रव्य सापडले, की ती जमीन धोकादायक ठरली.

वस्तुस्थिती : इंग्लंडमध्ये १ एप्रिल २००० पासून अमलात असलेल्या व्यवस्थेनुसार जमीन कायद्याने दूषित ठरण्यासाठी तीन गोष्टींची साखळी सिद्ध व्हावी लागते : विषाचे उगमस्थान, ते ज्या वाटेने प्रवास करते ती वाट, आणि ज्याला त्यापासून अपाय होईल असा माणूस, जलस्रोत, जीवसृष्टी किंवा मालमत्ता. यांपैकी एकही दुवा नसेल तर प्रयोगशाळेचा आकडा कितीही मोठा असला तरी कायद्याच्या दृष्टीने ती जमीन दूषित नव्हे.

हे तत्त्व केवळ वकिली कोटिक्रम नव्हे, याचा प्रत्यय सॉमरसेट परगण्यातील शिपम या गावाने दिला. तेथे पूर्वीच्या शतकांत जस्ताच्या खनिजाच्या खाणी होत्या, आणि १९७९ साली असे उघडकीस आले, की गावातील परसबागांच्या मातीत कॅडमियमचे प्रमाण काही ठिकाणी किलोमागे शेकडो मिलिग्रॅम इतके आहे. जपानच्या जिंत्सू खोऱ्यात याहून कितीतरी कमी कॅडमियम असलेल्या भाताच्या खाचरांनी हाडे ठिसूळ करणाऱ्या भीषण व्याधीचा इतिहास घडविला होता. त्यामुळे शिपमच्या ग्रामस्थांची कसून तपासणी झाली, पण प्रकृतीवर तशा स्वरूपाचे दुष्परिणाम आढळले नाहीत. चुनखडीयुक्त माती कॅडमियम घट्ट धरून ठेवते, पिकांत ते कमी उतरते, आणि गावकऱ्यांचे बहुतांश अन्न बाहेरून येत असे; जपानी शेतकरी मात्र वर्षानुवर्षे त्याच पाण्यावर आणि त्याच शेतातील भातावर जगत होता. धातू एकच असला तरी वाट निराळी होती, आणि फळही निराळे मिळाले.

गैरसमज ३ : दूषित माती खणून दूर नेणे हाच सर्वांत सुरक्षित उपाय.

वस्तुस्थिती : ही समजूत सर्वांत सहज पटणारी, आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. इंग्लंडमधील कॉर्बी या गावचा पोलाद कारखाना १९८० साली बंद पडल्यावर तेथील नगरपरिषदेने ती विस्तीर्ण जागा ताब्यात घेऊन साफ करण्याचे स्तुत्य काम आरंभिले. परंतु विषारी राळ व गाळ वाहून नेणाऱ्या गाड्या नीट झाकलेल्या नसत, त्यांच्या चाकांना लागलेला चिखल सार्वजनिक रस्त्यांवर सांडे, आणि वाळल्यावर त्याची धूळ गावभर उडे. त्या काळात त्या परिसरात हातापायांची बोटे अपुरी असलेली बालके जन्माला आल्याचे पालकांच्या ध्यानात आले, खटला उभा राहिला, आणि २००९ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने १९८५ ते १९९७ या काळातील शुद्धीकरणात नगरपरिषदेने हयगय केल्याचा निर्णय दिला. जे विष कारखान्याच्या आवारात पडून होते, त्याला वाट मिळवून दिली ती सफाईनेच.

नेदरलँड्सलाही हा धडा खर्चाच्या मार्गाने मिळाला. लेकरकेर्कच्या धक्क्यानंतर तेथील धोरण असे होते, की शुद्ध केलेली जमीन शेतीपासून निवासापर्यंत कोणत्याही वापरास योग्य झाली पाहिजे. परंतु दूषित स्थळांची गणती जसजशी पुढे सरकली तसतसा अपेक्षित खर्च असा फुगत गेला, की १९९० नंतरच्या दशकात ‘नियोजित वापरास योग्य’ हे माफक व व्यवहार्य सूत्र स्वीकारावे लागले. वाहनतळाखालची माती लहान मुलांच्या बागेइतकी निर्मळ असण्याचा आग्रह धरला, तर त्या पैशात साफ होऊ शकणारी दुसरी खरीखुरी बाग तशीच राहून जाते.

याचा अर्थ खोदकाम कधीच करू नये असा मात्र नाही. स्वित्झर्लंडमधील क्योलिकेन येथे १९७८ ते १९८५ या काळात भरलेले घातक कचऱ्याचे आगार भूजलास धोका निर्माण करीत होते. तेथे वेष्टन पुरेसे ठरणार नाही असा निष्कर्ष निघाल्यावर संपूर्ण जागेवर बंदिस्त मंडप उभारून, आतील हवा गाळून, तो कचरा बाहेर काढण्यात आला, आणि त्यासाठी कोट्यवधी फ्रँक खर्ची पडले. उपाय खोदकामाचा की बंदिस्तीचा हे स्थळ ठरविते, कोणताही सरसकट नियम नव्हे.

गैरसमज ४ : एकदा शुद्धीकरण झाले, की प्रकरण दप्तरबंद.

वस्तुस्थिती : यूट्रेख्ट शहरातील जुन्या गॅसघराच्या जागेवर आज ग्रिफ्टपार्क हे प्रशस्त उद्यान आहे, परंतु त्याखालील डांबरी अवशेष काढून नेणे अशक्यप्राय ठरल्याने सभोवती जमिनीत खोल भिंत उतरवून ते कोंडण्यात आले, आणि आतील पाणी बाहेर झिरपू नये म्हणून उपसा व देखरेख ठेवावी लागली. जर्मनीतील सॅक्सनी व थुरिंगिया या प्रांतांत १९४६ ते १९९० पर्यंत ‘विस्मुट’ या उपक्रमाने सुमारे २ लाख ३१ हजार टन युरेनियम काढले. एकीकरणानंतर जर्मन संघराज्याने तो वारसा आपल्या शिरावर घेतला, रोनेबुर्गची प्रचंड उघडी खाण ढिगाऱ्यांनीच भरून काढली, आणि २००७ साली त्याच परिसरात राष्ट्रीय उद्यानप्रदर्शन भरविले. प्रेक्षकांनी फुले पाहिली. परंतु पाण्याने भरलेल्या भूमिगत खाणींतून वर येणारे दूषित पाणी शुद्ध करण्याचे काम प्रदर्शनाबरोबर संपले नाही, आणि लवकर संपण्याजोगेही ते नाही.

गैरसमज ५ : ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल होतोच.

वस्तुस्थिती : ‘प्रदूषक भरपाई देईल’ हे तत्त्व युरोपीय संघाच्या २००४ च्या पर्यावरणीय दायित्वविषयक निर्देशाचा पाया आहे, परंतु तो निर्देश ३० एप्रिल २००७ पूर्वी घडलेल्या हानीस लागू होत नाही, आणि जमिनीतील विषाचा मोठा वाटा तर त्यापूर्वीचाच. शिवाय जो उद्योग दिवाळखोरीत निघाला त्याच्याकडून वसुली कशी करावयाची? उत्तर फ्रान्समधील नॉयेल-गोदो येथील शिसे-जस्त गाळण्याचा कारखाना २००३ साली बंद पडला, तेव्हा भोवतालच्या शेतांत मुरलेले शिसे व कॅडमियम मागे राहिले आणि शेकडो कामगार उघड्यावर पडले. युरोपीय पर्यावरण संस्थेच्या पाहणीनुसार अशा व्यवस्थापनाच्या एकूण खर्चापैकी सरासरी ४२ टक्के भार सार्वजनिक तिजोरीवर पडत होता.

जर्मनीच्या १९९९ पासून अमलात आलेल्या मृदासंरक्षण कायद्यात जबाबदारांची साखळी लांब आहे : प्रदूषण करणारा, त्याचा सर्वाधिकारी वारस, जमिनीचा मालक आणि प्रत्यक्ष कब्जेदार. परंतु निरपराध मालकाने किती सोसावे याला मर्यादा हवी, हे ओळखून तेथील घटनात्मक न्यायालयाने २००० साली असे ठरविले, की त्याचा भार सामान्यतः शुद्ध झालेल्या जमिनीच्या बाजारभावाहून अधिक असू नये. उरलेला खर्च अर्थातच समाजाकडे येतो.

गैरसमज ६ : सरकारी नोंद झाली की जमिनीला बट्टा लागतो, म्हणून नोंद न होणेच हिताचे.

वस्तुस्थिती : ब्रिटनने या भयापुढे एकदा मान तुकविली. १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या १४३ व्या कलमान्वये प्रदूषणकारी वापर झालेल्या जमिनींची सार्वजनिक नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. परंतु मालमत्तेचे भाव कोसळतील अशी ओरड झाली आणि १९९३ साली सरकारने तो बेत सोडून दिला. त्याच सुमारास बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांताने उलट वाट धरली. १९९५ च्या तेथील कायद्याने जमिनीच्या प्रत्येक हस्तांतरणापूर्वी मृदादाखला सक्तीचा केला, आणि ज्या जागी जोखमीचा उद्योग चालला असेल तेथे खरेदीखतापूर्वीच मातीची तपासणी आवश्यक ठरविली. परिणाम असा झाला, की घेणाऱ्याला आपण काय घेतो हे कळू लागले, आणि तपासणीचे ओझे केवळ सरकारी तपासनिसांवर न राहता व्यवहाराच्या ओघातच एकेक जमीन उजेडात येऊ लागली.

संघाच्या पातळीवर मात्र हवा आणि पाणी यांना जे संरक्षण केव्हाच लाभले ते मातीला दीर्घकाळ मिळाले नाही. २००६ साली मांडलेला मृदाविषयक निर्देशाचा मसुदा काही मोठ्या राष्ट्रांच्या विरोधामुळे अडकून पडला आणि २०१४ मध्ये मागे घेतला गेला. अखेर २०२५ मध्ये मृदा-निरीक्षणाचा निर्देश संमत झाला. त्याने सदस्य राष्ट्रांवर सरसकट खोदकामाची सक्ती केलेली नाही. संशयित स्थळे दहा वर्षांच्या मुदतीत शोधून नोंदवावीत आणि त्यांपासून असलेली जोखीम पारखून आटोक्यात ठेवावी, एवढेच सांगितले आहे. लेकरकेर्कच्या चरांत काय पुरले आहे हे घरे बांधण्यापूर्वी कोठे तरी लिहिलेले असते आणि कोणी तरी ते वाचले असते, तर त्या वसाहतीवर झालेला खर्च टळला असता. म्हणून यंत्रे आणि निधी यांच्याही आधी नोंदवही हवी, हा अर्धशतकाचा अनुभव आता तेथे कायद्याच्या स्वरूपात आला आहे.