तणसाचा हिशेब खळ्यावरच

नागभीड तालुक्यात गुरांना चारा नाही असे म्हटले, तर बाहेरच्या माणसाला ते खरे वाटत नाही. घोडाझरीसारखा मोठा तलाव, गावोगावचे मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या, चहूकडे जंगल. इथे ढोरे उपाशी कशी राहतील? पण धानपट्ट्यातला दुष्काळ वेगळ्या वाटेने येतो. आषाढात पाऊस दडी मारतो, पऱ्हे जागच्या जागी पिवळे पडतात, अर्ध्याच बांध्यांत रोवणी होते. पुढे धान पोटरीत असताना पुन्हा ताण पडतो. धान गेले की तणसही जाते. माणसाला रेशनचा तांदूळ तरी मिळतो. गुरांच्या वाट्याचे तणस कोणत्याच दुकानात मिळत नाही.

त्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की चाऱ्याची टंचाई वैशाखात दिसत असली तरी ती मळणीच्या वेळीच ठरलेली असते. म्हणून नियोजनाची सुरुवात खळ्यावरून करावी.

आधी वजन, मग अंदाज

जनावराला रोज त्याच्या वजनाच्या साधारण दोन ते अडीच टक्के कोरडा चारा लागतो. आपल्याकडची गावरान गुरे आटोपशीर बांध्याची आहेत. गडचिरोली-चंद्रपूर भागातल्या कठाणी गाईबैलांना २०२३ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळाली. चिखलणीला काटक अशीच त्यांची ओळख आहे. अडीचशे किलोच्या अशा जनावराला दिवसाला सुमारे ६ किलो तणस धरा.

समजा, कोठ्यात बैलजोडी, एक दुभती गाय, एक गाभण गाय आणि एक मोठे वासरू आहे. चार मोठ्यांचे २४ आणि वासराचे ३, असे रोजचे २७ किलो झाले. १ फेब्रुवारी ते १५ जुलै हे १६५ दिवस होतात. म्हणजे सुमारे ४५ क्विंटल. धानाचे जितके वजन, ढोबळमानाने तितकेच तणसाचे. एकरी १५ क्विंटल पिकले तर तीन एकरांत हे भागते. पीक अर्धे आले तर २२ क्विंटलांची तूट पडते.

हा आकडा काढायला यंत्र लागत नाही. तणसाचे दहा भारे काट्यावर तोलावेत, सरासरी काढावी आणि ढिगातले भारे मोजावेत. तूट डिसेंबरात कळली तर तणस विकत घेता येते, कुटार आणता येते, जनावर कमी करता येते. तीच मे महिन्यात कळली, तर हाती काहीच उरत नाही.

कोणाला किती

टंचाईत सगळ्यांना सारखे थोडेथोडे वाटले तर सगळीच गुरे खंगतात. म्हणून कळपाची वाटणी करावी. पहिला मान शेवटच्या तीन महिन्यांतल्या गाभण गाईचा, दुभतीचा आणि लहान वासरांचा. त्यानंतर बैलांचा, त्यांना रोज कामापुरते नव्हे, तर मृगाच्या आधीचे दीड-दोन महिने चांगले खाऊ घालावे, कारण चिखलणीला ताकद तेव्हा लागते. भाकड जनावरांना तग धरण्यापुरते पुरे.

जे जनावर ठेवणे शक्य नाही त्याचा निर्णय लवकर घ्यावा. राज्यात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे म्हातारा बैल किंवा भाकड गाय विकणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. हाडे निघालेल्या जनावराला गिऱ्हाईक मिळतच नाही. अंग धरून आहे तोवरच ते ज्याच्याकडे चारा आहे अशा शेतकऱ्याकडे द्यावे. जनावर उतरत चालले की नाही, हे डोळ्यांपेक्षा हाताने नीट कळते: बरगड्या नुसत्या दिसण्याऐवजी बोटांना धारदार लागू लागल्या आणि शेपटीच्या मुळाशी खळगा पडला, तर खुराक वाढवायला उशीर झाला आहे असे समजा.

तणस वाया जाऊ देऊ नये

हार्वेस्टरने कापलेल्या बांधीत तणस विखुरते आणि बरेचदा जाळले जाते. टंचाईच्या वर्षी ते गोळा करण्याची मजुरी परवडते. ढीग उंचवट्यावर, खाली लाकडे टाकून, वरून उतरता रचावा. अवकाळी पावसात भिजून काळे पडलेले, बुरशी आलेले तणस गुरांना देऊ नये. त्या बुरशीच्या विषाने शेपटीचा शेंडा, कानाच्या कडा आणि खूर सडतात. म्हशींना हा त्रास जास्त होतो.

लांब तणस जमिनीवर टाकले की गुरे ते तुडवतात, त्यावर शेण पडते, मग त्याला तोंड लावत नाहीत. दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी करून गव्हाणीत घातली तर ही नासाडी बरीच थांबते. गावात एक कडबाकुट्टी यंत्र चार-पाच घरांनी मिळून घेतले तरी भागते.

पोट भरते, अंगी का लागत नाही

तणसात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात. जनावराच्या पहिल्या पोटातले जंतू चारा कुजवून पचवतात आणि त्या जंतूंनाच नत्र लागते. ते मिळाले नाही की पचन मंदावते, चारा पोटात पडून राहतो आणि जनावर कमी खाते. ढिगासमोर उभी असूनही गुरे खंगतात ती यामुळे.

उपाय युरियाच्या प्रक्रियेचा. १०० किलो कोरड्या तणसाला ४ किलो युरिया आणि सुमारे ५० लिटर पाणी हे प्रमाण काट्यावर तोलूनच घ्यावे. युरिया पाण्यात पूर्ण विरघळू द्यावा. प्लास्टिकवर तणसाचा थर पसरावा, झारीने पाणी सारखे शिंपडावे, पायाने दाबून हवा काढावी आणि पुढचा थर द्यावा. शेवटी सगळे प्लास्टिकने घट्ट झाकून २१ दिवस ठेवावे. आत युरियाचा अमोनिया होतो; तो तणसाचे कडक धागे सैल करतो आणि नत्राची भरही घालतो. प्रथिनांचे प्रमाण जवळपास दुप्पट होते.

उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास येतो. रोजच्यापुरते तणस काढून तास-दोन तास उघड्यावर पसरावे, मगच घालावे. पहिल्या दिवशी किलोभरच, साध्या तणसात मिसळून द्यावे आणि आठवड्याभरात वाढवत न्यावे. सहा महिन्यांखालील वासरांना ते देऊ नये. युरियाचे पाणी किंवा खडे जनावराच्या तोंडी लागले तर पोट फुगते, अंग थरथरते, तोंडाला फेस येतो. अशा वेळी लगेच पशुवैद्यकाला बोलवावे. सोबत रोज ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण, थोडे मीठ आणि दुभत्या-गाभण गाईंना ढेप किंवा धानाचा कोंडा द्यावा.

हिरवे कुठून आणायचे

धानानंतरच्या लाखोळीचे कुटार जपून ठेवावे. त्यात तणसापेक्षा प्रथिने जास्त असतात. बोर, उंबर, पिंपळ, शेवरी यांचा पाला फांद्या छाटून द्यावा. सुबाभळीचा पाला चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमीच ठेवावा. जास्त झाल्यास केस गळतात. तलाव आटला की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत ओल असते. तिथे मका दोन महिन्यांत कापणीला येतो. २०१८ च्या दुष्काळात राज्य सरकारने अशी जमीन वैरणीसाठी नाममात्र भाड्याने देण्याचे ठरवले होते. ग्रामसभेने अशा मागणीचा ठराव वेळेत घ्यावा.

जंगल आणि पाणी

चैत्रात जंगलात गवत उरत नाही. आठ-दहा किलोमीटर चालून जनावर मिळवते त्याहून जास्त शक्ती घालवते. त्यात ब्रह्मपुरी वनविभागात वाघ आहेत, आणि धोका ढोरकीच्या जिवालाही असतो. दुभत्या-गाभण गाई घरीच बांधाव्यात, बाकीची गुरे सकाळी जवळपास चारून ऊन चढण्याआधी आखरावर आणावीत. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवू नये. त्या आगीत उरलेसुरले गवतही जाते.

उन्हाळ्यात मोठ्या जनावराला दिवसाला ५० लिटरपर्यंत पाणी लागते. आटत्या तलावाच्या काठचे हिरवे गवत मोहात पाडते, पण गोगलगायींमुळे तिथूनच यकृतातली चपटी कृमी येते. म्हणून विहिरीचे पाणी द्यावे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक पाजावे. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी टोचून घ्यावी. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर भुकेली गुरे एकदम सोडू नयेत. आधी थोडे तणस खाऊ घालावे, नाहीतर हगवण लागते.

युरियाच्या प्रक्रियेविषयी शंका असेल तर सिंदेवाहीचे कृषी विज्ञान केंद्र आणि जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना यांना विचारावे. यंदा धान चांगले असो वा हलके, मळणी आटोपताच दहा भारे काट्यावर घाला आणि कोठ्यातल्या गुरांशी त्यांचा हिशेब जुळवा. चार महिने आधी कळलेल्या तुटीवर उपाय असतो.