आमचा बाँड, तुमचा बाँड

आमच्या घरात जेम्स बाँडवरून तीन पिढ्यांचं भांडण आहे. वडिलांच्या लेखी बाँड एकच, शॉन कॉनरी. १९६२ च्या 'डॉ. नो'मध्ये जुगाराच्या टेबलावर सिगारेट शिलगावत त्यानं आपलं नाव सांगितलं, तिथंच त्यांचा निकाल लागला. चालण्यात चपळाई, नजरेत जरब!

मी रॉजर मूरचा. १९७३ ते १९८५ या काळात सात चित्रपट. भुवई उंचावून संकटाची थट्टा करणारा. 'ऑक्टोपसी'त (१९८३) तो उदयपूरला आला, कबीर बेदीशी झुंजला, तेव्हा तर घरचाच वाटला. "हा गुप्तहेर की विनोदी नट?" वडील विचारीत.

माझ्या मुलाला डॅनियल क्रेग हवा. २००६ च्या 'कसिनो रोयाल'मधला तो मार खातो, रक्तबंबाळ होतो, प्रेमात फसतो.

आई गेली त्या वर्षी वडिलांनी अचानक जॉर्ज लेझन्बीचा 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' (१९६९) लावायला सांगितला. ऑस्ट्रेलियाचा हा मॉडेल एकदाच बाँड झाला. अभिनयात तो कॉनरीच्या पासंगालाही पुरत नाही. पण शेवटी लग्नाच्याच दिवशी बायकोला गोळी लागते आणि हा तिला कवटाळून बसतो. इथं ना चपळाई कामाची, ना थट्टा.

चित्रपट संपला तरी वडील उठले नाहीत. "हासुद्धा बाँडच," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून श्रेष्ठ कोण, हा वाद मी घरात काढत नाही. कोणता बाँड आपला वाटावा, हे शेवटी आपल्यावर काय गुजरलं त्यावरच ठरत असावं.