परतणाऱ्या मुलांचे नागरिकत्व

परदेशी स्थिरावलेली कुटुंबे मुलांसाठी मायदेशी परतताना आज दिसतात. इकडे फणसवाडीत, तिकडे परळ-नायगावात आजी-आजोबा असतात, चुलत-मावस भावंडे असतात. मुलांनी त्यांच्यात वाढावे, ही इच्छा रास्तच आहे. मात्र आपल्या समाजातील आईबापांनी निघण्यापूर्वीच एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ती म्हणजे मुलाचे नागरिकत्व.

कोलंबिया आणि लंडन येथे शिकून बाबासाहेब 1917 साली बडोद्याच्या नोकरीवर आले, तेव्हा पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. परदेशच्या पदवीने जात सुटत नाही. म्हणून घटनेने दिलेल्या हक्कांची गरज परदेशात जन्मलेल्या मुलालाही पडणार आहे. पण त्यांतले महत्त्वाचे हक्क केवळ नागरिकाचे आहेत.

भारतात प्रौढ माणसाला दुहेरी नागरिकत्व ठेवता येत नाही. 3 डिसेंबर 2004 पासून परदेशात जन्मलेल्या, भारतीय आईबापांच्या मुलाचा जन्म एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदवावा लागतो. नंतर नोंदवायचा तर केंद्र सरकारची परवानगी लागते. मुलाजवळ दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असेही लिहून द्यावे लागते. पुष्कळ आईबाप घाईत तिकडचाच पासपोर्ट काढतात आणि इकडे येण्यासाठी मुलाचे ओसीआय कार्ड करून घेतात.

हे कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यावर येथे राहता येते, शिकता येते; परंतु मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. सरकारी नोकरीतील समान संधीचा, घटनेच्या कलम 16 चा हक्कही मिळत नाही. 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेने तर नीट, जेईई यांसारख्या परीक्षांतून भरल्या जाणाऱ्या, फक्त भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागाही बंद केल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली त्या तारखेआधीच्या कार्डधारकांना यातून वगळले, नंतरच्यांना नाही.

मार्ग अजिबात नाही असे नाही. आईबाप स्वतः भारतीय नागरिक असतील, तर नागरिकत्व कायद्याच्या कलम 5 खाली अल्पवयीन मुलाच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. मात्र त्यासाठी दुसरे नागरिकत्व सोडावे लागते.

नातेवाइकांचा आणखी एक आधार आहे. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे महाराष्ट्रातील वास्तव्य दाखवावे लागते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला काकांच्या ट्रंकेत असतो, परदेशातल्या कपाटात नव्हे. 1956 नंतरच्या कागदांवर नुसते ‘बौद्ध’ असेल, तर जातीची नोंद असलेला जुना कागद अधिकच मोलाचा. वडीलधारी हयात आहेत तोवर हे कागद शोधावेत.

‘आमच्या मुलाला सवलती कशाला?’ असे काही सुशिक्षित विचारतात. सवलत घ्यावी की नाकारावी, हे ते मूल मोठेपणी ठरवील. पण नाकारायलाही ती आधी हाती असावी लागते. आणि मताचा हक्क ही तर सवलत नव्हेच.